पाळकबाईंची इसवण

शुक्रवारची उपास-प्रार्थना होती. आमची मराठी प्रॉटेस्टंट मंडळी, म्हणजे आमचं चर्च, वास्कोतल्या एका भाड्याच्या हॉलात भरते. आठवड्याचे बाकीचे दिवस तिथे बारशी आणि साखरपुडे होतात, त्यामुळे वेदीमागच्या भिंतीवर आदल्या कार्यक्रमाची चिकटपट्टी आणि छताला एखादा अर्धमेला फुगा ठरलेला. पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या पास्टरांची, बदली झाली होती, नवे ठरायचे होते, आणि मंडळीने एकच प्रार्थनाविषय घेतला होता: देवभीरू पाळक मिळावा. बाहेर पाऊस असा कोसळत होता की प्रार्थना करणाऱ्याला आवाज चढवावा लागत होता, आणि आवाज चढला की प्रार्थनेलाही जरा भाषणाचा रंग येतो. एका काकांनी सुरुवात केली. प्रभो, तुझ्या मनासारखा सेवक दे. वचनात खंबीर दे, तरुणांना जोडून ठेवणारा दे, आजाऱ्यांच्या घरी जाणारा दे, गळा चांगला असेल तर तुझी कृपा, आणि इंग्रजीही येत असेल तर बरं, कारण तुला ठाऊकच आहे पित्या, इथे गोव्यात कामं असतात. मागून दोघातिघांचं ‘आमेन’. मग दुसरे उठले, त्यांनी यादी थोडी वाढवली. दुचाकी चालवता येणं हा मुद्दा तिसऱ्यांच्या प्रार्थनेत आला.

मग शेवटच्या रांगेतून मावशींचा आवाज आला. मावशी मूळच्या बेळगावकडच्या, मुलाबरोबर इकडे आलेल्या, प्रार्थना लांबवणं त्यांना जमत नाही. त्या म्हणाल्या, “बापा, जो कोण येणार आहे त्याच्या बायकोला इथल्या बाजारात मोकळेपणानं मासळी घेता येऊ दे. आमेन.”

कोणीतरी खोकलं. हसू दाबणाऱ्यांत मीही होते. पण सभा संपून चहा झाला तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण त्यामागची गोष्ट त्या हॉलात प्रत्येकाला माहीत होती. आधीच्या पाळकबाई, म्हणजे पाळकांची बायको, एकदा मासळी बाजारात इसवण घेताना दिसल्या होत्या. इसवण म्हणजे सुरमई, महागातली मासळी. चांगली जाड, चकत्या करून घेतलेली, कापणाऱ्या बाईला डोकं वेगळं बांधायला सांगितलेलं. एवढा तपशील मला कसा कळला? तर तो सगळ्या मंडळीला कळला होता, रविवारच्या आत. त्या महिन्यात पाळकांच्या पगारवाढीचा विषय मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपुढे होता, आणि बैठकीत एकजण हसत हसत म्हणाले म्हणे, वाढ कशाला, इसवण परवडतेय की. त्यानंतर त्या बाई कधी बाजारात दिसल्याच तर स्वस्तातल्या बांगडा मासळीच्या टोपलीपाशी. त्यांच्या घरी तेव्हा माहेरचं माणूस आलं होतं, बाळंतपणातून उठलेली बहीण, हे पुढे केव्हातरी समजलं. ते मात्र रविवारपर्यंत पोचलं नव्हतं.

मी पाळकाची मुलगी. हे सांगायला हवं, नाहीतर एका माशावरून मी एवढी का अडून बसले ते कळणार नाही. पप्पा नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत होते. पाळकाच्या घराला दार असतं, कडी नसते. सकाळी सहाला कोणीतरी ओसरीवर येऊन बसलेलं असायचं, बायकोला मारून आलेला नवरा, नाहीतर मार खाऊन आलेली बायको, कधी एकाच सकाळी दोघंही, वेगवेगळ्या वेळी. आई सगळ्यांना चहा द्यायची आणि साखरेचा डबा हलवून बघायची. आमच्याकडे मासळी म्हणजे सुके बोंबील. ते भाजताना आई स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची, दाराच्या फटीशी ओलं पोतं टाकायची. धुरानं आमचे डोळे चुरचुरायचे. मला वाटायचं, शेजारी शाकाहारी आहेत म्हणून असेल. शेजारी सगळे मिशन कंपाउंडातलेच होते आणि सगळे बोंबील खात होते. फक्त त्यांच्या बोंबलांचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

आणि तरीही याच लोकांनी आमच्यासाठी काय केलं नाही! पप्पांना टायफॉइड झाला तेव्हा रात्री पाळीपाळीने बसायला माणसं आली, कोणी पायलीभर ज्वारी आणून टाकली, कोणी शेळीचं दूध. त्यांच्या प्रार्थना मी पलीकडच्या खोलीतून ऐकल्या आहेत. रडून, जमिनीला कपाळ टेकवून केलेल्या. पप्पा बरे झाले आणि महिनाभरात त्याच माणसांपैकी एकाने वरच्या ऑफिसला अर्ज केला, की पाळक अमुक घरी जास्त जातात. मला आजही त्या माणसाचा धड राग येत नाही आणि धड येतही नाही असं नाही. ज्वारी त्यानेच आणली होती.

पाळक हवा असतो तेव्हा मंडळीची भाषा हमखास लग्नाच्या जाहिरातीसारखी होते: सुस्वरूप, सुशिक्षित, निर्व्यसनी, मनमिळाऊ. बायबलात प्रेषित पौलानेही आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रात पाळक कसा असावा याची यादी दिली आहेच, आणि आमच्याकडे निवडीच्या वेळी त्या पत्राचा तिसरा अध्याय हटकून वाचला जातो. पण ती यादी नीट वाचली तर भलतीच निघते. आम्ही ज्यांना गुण म्हणतो त्यातला जेमतेम एक तिच्यात आहे, शिकवण्यात निपुण असावा हा. बाकी सगळं घरातलं आणि स्वभावातलं. दारुड्या नसावा, मारकुटा नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा, पाहुण्याला दार उघडणारा असावा, विश्वासात नवखा नसावा. आणि शेवटी एक अट अशी की बाहेरच्या लोकांची त्याच्याविषयी साक्ष चांगली असावी. बाहेरच्यांची! म्हणजे जो कधी उपासनेला येणार नाही त्या वाण्याची, घरमालकाची, सिलिंडर आणून देणाऱ्या पोराची. उमेदवाराच्या प्रवचनाचे व्हिडिओ आम्ही व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवतो, पण तो आधी राहत होता तिथल्या किराणा दुकानात जाऊन उधारी वेळेवर देत होता का, असं विचारणारी एकही निवड समिती मी पाहिलेली नाही.

आमच्या शेजारच्या बाई कॅथलिक. सांजवेळी त्यांच्याकडे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाला की आमच्या बाल्कनीत ऐकू येतो. पाळक निवडायच्या आमच्या धावपळीचं त्यांना नवल वाटतं, कारण त्यांच्याकडे पाद्र-विगार, म्हणजे चर्चचा मुख्य पाद्री, कोण यायचा ते वरून ठरतं. सकाळी पत्र येतं, एक जातो, दुसरा येतो. मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, मात्र दर वेळी पापासायबांचं, म्हणजे पोपचं, आणि बिशपांचं नाव घेऊन प्रार्थना होते. न चुकता, माणूस आवडो न आवडो. 2025 च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस वारले आणि मे महिन्यात नवा पोप निवडायला कार्डिनलांची सभा, कॉन्क्लेव्ह, बसलं, तेव्हा बाईंच्या घरात वेगळीच लगबग होती, कारण मत देणाऱ्या 133 कार्डिनलांत आपल्या गोव्याचे आर्चबिशप फिलीप नेरी फेर्रांवही होते. हळदोण्याचा माणूस सिस्टिन चॅपेलमध्ये बसून पोप निवडतोय, याचं बाईंना केवढं अप्रूप! 8 मेच्या रात्री साडेनऊनंतर टीव्हीवर त्या चिमणीतून पोप ठरल्याचा पांढरा धूर निघाला तेव्हा त्यांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. नवे पोप लिओ चौदावे बाल्कनीत येईपर्यंत आम्ही दोघी सोफ्यावर. त्या म्हणाल्या, “एक तरी मत आमच्या कार्दियालाक पडलें आसतलें.” मी म्हटलं, ते गुप्त असतं. “देवाक खबर आसा न्हय?” म्हणाल्या.

मग मी विचारलं, की तुम्ही इतके दिवस तेर्स म्हणत होता, त्यात नेमकं काय मागत होता? कोण यावा असं? त्यांना प्रश्नच कळला नाही. “आमचें काम मागपाचें, वेंचपाचें न्हय.” मला ते ऐकायला छान वाटलं आणि मग जरा खटकलंही. निवडायचा अधिकार नाही, म्हणून प्रार्थना अशी निखळ राहते का? आमच्याकडे हातात मत असतं, त्यामुळे प्रार्थनेतही प्रचार शिरतो. पण अधिकार नसणं हेही काही साधं नाही, आणि याच गोव्यात तर नाहीच. दिवाडीचे मातेउस द कास्त्रो इथल्या मातीतले, म्हणून त्यांना गोव्यात पाद्री होऊ दिलं गेलं नाही. ते रोमला गेले, तिथे दीक्षा घेतली आणि 1637 साली बिशप झाले. परतल्यावरही इथल्या पोर्तुगीज सत्ताधाऱ्यांशी त्यांचं आयुष्यभर जमलं नाही. त्या काळी दिवाडीच्या चर्चमध्ये गुडघे टेकून आम्हाला चांगला मेंढपाळ दे म्हणणाऱ्या कोणा म्हातारीला, तो आपल्याच वाड्यातला असू शकतो असं सुचलं असेल का, असा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. आम्हा मराठी प्रॉटेस्टंटांनी यावर फार नाक वर करू नये. आमच्याकडे उमेदवार आला की पहिला प्रश्न असतो, “आपण मूळचे कुठले?” नगरचे की जालन्याचे, कोल्हापूरकडचे की आणखी कुठले. प्रश्न गावाचा दिसतो. तो गावापुरता नसतो, हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं.

त्याच पावसाळ्यात एका उघडिपीच्या दुपारी मी सांकवाळला गेले होते. जुन्या चर्चचा फक्त दर्शनी भाग उरलाय, मागे काही नाही, आणि जवळच संत जुझे वाझ यांचं पुण्यस्थान. हा बाणावलीच्या आजोळी जन्मलेला सांकवाळचा मुलगा. गोव्यातल्या स्थानिक पाद्रींच्या संघाचा प्रमुख झाला होता. ते सोडून मजुराच्या वेषात 1687 साली जाफन्याला उतरला, कारण लंकेत डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती. बंदी घालणारे डच आमच्याच प्रॉटेस्टंट पंथाचे, हे तिथल्या बाकावर बसून वाचताना मी जरा इकडेतिकडे पाहून घेतलं. पुढे कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. 1697 च्या देवीच्या साथीत लोक रोग्यांना टाकून पळत होते तेव्हा हे त्यांची घाण काढत होते. बिशपपद चालून आलं तर ते नाकारून साधे मिशनरीच राहिले, आणि 1711 मध्ये कँडीतच वारले. 2015 साली पोप फ्रान्सिसनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. जुझे वाझ आमच्या निवड समितीपुढे आले असते तर काय झालं असतं याचा मी बसून बराच विचार केला. कृश अंगाचा माणूस, पद सोडून आलेला, म्हणजे काहीतरी भानगड असणार. तुरुंगवास झालेला. वरचं पद नाकारलं, म्हणजे महत्त्वाकांक्षा नाही. पाच मिनिटांत बाहेर.

बायबलात राजा निवडायला गेलेला शमुवेलासारखा संदेष्टासुद्धा इशायच्या थोरल्या मुलाची उंची बघून फसलाच होता. तिथे निदान देवाने लगेच अडवलं. पण शुभवर्तमानात एक जागा आहे तिथे मी लहानपणापासून अडखळते. येशू डोंगरावर गेला, त्याने रात्रभर प्रार्थना केली, आणि उजाडल्यावर बारा जण निवडले. त्यात पुढे त्याला दगा देणारा यहूदा होता. रात्रभराच्या प्रार्थनेनंतर! पप्पांना मी एकदा हे विचारलं होतं. ते सायकलच्या चेनला तेल घालत होते. म्हणाले, “मग? प्रार्थना केली म्हणून पिशवीवर लक्ष ठेवायचं नाही असं कुठे लिहिलंय?” पैशाची पिशवी यहूदाकडे असायची, तो त्यातलं काढायचा, हे योहानाने स्पष्टच लिहून ठेवलंय. आणि यहूदाच्या जागी प्रेषितांनी प्रार्थना करून, चिठ्ठ्या टाकून जो मत्थिया घेतला, त्याचं नाव नव्या करारात पुन्हा एकदाही येत नाही. ना पराक्रम, ना पत्र, ना तक्रार. मला हा मत्थिया अलीकडे फार आवडायला लागलाय. कुठल्यातरी गावात काम करत राहिला असेल, आणि त्याच्या घरच्या मासळीबद्दल कोणी काही लिहून ठेवलेलं नाही.

पप्पांचं ते पिशवीचं बोलणं मात्र आमच्या लोकांनी ऐकायला हवं होतं. मिशनच्या जमिनी कशा गेल्या, कोणाच्या सह्यांनी गेल्या, हे मराठी ख्रिस्ती घरांत जेवताना बोलायचे विषय आहेत, बैठकीत बोलायचे नव्हेत. माझ्या माहितीतल्या एका मंडळीत बांधकामाच्या निधीचं काय झालं असं एका शिक्षकाने विचारलं, तर त्याला ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन ऐकवण्यात आलं आणि वर सांगितलं, टीका करू नका, प्रार्थना करा. निधी गेला तो गेलाच. शिक्षकही गेला, दुसऱ्या मंडळीत. ‘प्रार्थना करा’ या शब्दांनी एखाद्याचं तोंड बंद करता येतं, हे मी तिथे पाहिलं, आणि तेव्हापासून देवभीरू पुढाऱ्यासाठी प्रार्थना करू या असं कोणी जरा जास्तच गोड आवाजात म्हटलं की माझे कान टवकारतात. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी न्यायची होती तेव्हा पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी माणसं दिली आणि कारणही लिहिलं, की कोणी आमच्यावर बोट ठेवू नये. प्रभूच्या दृष्टीने बरं तेच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही बरं तेच आम्ही करू पाहतो. प्रेषिताला दुसऱ्या माणसाची सही चालते. आमच्याकडे हिशेब मागितला की सेवकाचा अपमान होतो.

म्हणजे एकीकडे बाईच्या पिशवीतल्या इसवणीवर डोळा, आणि दुसरीकडे निधीच्या वहीकडे पाठ. पाळकाच्या घरातलं आम्हाला सगळं कळतं आणि मंडळीच्या खात्यातलं काहीच कळत नाही. मावशींच्या त्या एका वाक्यात मला जे टोचत राहिलं ते बहुधा हेच. चांगला माणूस दे, असं देवाकडे मागायचं, आणि तो आला की त्याला चांगलं राहायला जागाच ठेवायची नाही: नको तिथे नजर, हवी तिथे डोळेझाक. मी पाहिलेत असे तरुण, सेमिनरीतून ताजे आलेले, दोन वर्षांत गोड बोलायला शिकतात. कोणाच्या घरी किती वेळ बसायचं, कुठल्या पंचाच्या मुलाचं नाव प्रार्थनेत आधी घ्यायचं. बिघडले असं म्हणताना जीभ जड होते. त्यातला निम्मा बिघाड आमच्या हातचा असतो, निम्मा त्यांचा स्वतःचा, आणि हा जोड कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

2013 च्या मार्चमध्ये फ्रान्सिस पोप होऊन बाल्कनीत आले तेव्हा आशीर्वाद देण्याआधी त्यांनी खाली जमलेल्यांना सांगितलं, आधी तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा, आणि मान खाली घालून उभे राहिले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही शेवटाकडे हेच आहे, आमच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे मोठेसुद्धा मागतात. पण आमच्याकडे पाळक यायच्या आधीच्या प्रार्थना तासाच्या असतात आणि आल्यानंतरच्या एका ओळीच्या. ‘आमच्या पाळकांना व त्यांच्या कुटुंबाला आशीर्वाद दे.’ त्या कुटुंबातल्या मुलाची बारावी मधेच बोर्ड बदलून होणार आहे, बायकोची नोकरी सुटली आहे, सासू अंथरुणावर आहे, हे सगळं त्या ‘व’ मध्ये.

आता निवडीचं म्हणाल तर दोन नावं आहेत. एक साहेब येऊन नमुन्याचं प्रवचन करून गेले, आवाज उत्तम, पावसाला पुरून उरला. दुसरे अजून यायचेत. मी पंच नाही, पण महिला मंडळातर्फे आम्ही पंचांना एक कागद दिला आहे. त्यात मागण्या तीनच. बँकेच्या खात्यावर दोन सह्या, आणि त्यातली एकही पाळकांची नको, म्हणजे त्यांच्यावरही बालंट यायला नको. वर्षाचा हिशेब भिंतीवर. आणि पाळकांना आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, सोमवारी, त्या दिवशी त्यांच्या घरी कोणी जायचं नाही. पहिल्या दोन मागण्यांवर बैठकीत फारसं कोणी बोललं नाही, पुढच्या महिन्यात बघू म्हणून कागद फाइलला गेला. खरा वाद पेटला तो तिसऱ्या मागणीवर. खजिनदार काका म्हणाले, सुट्टी घ्यायला ती काय नोकरी आहे? सेवा आहे. दुसरे म्हणाले, आणि सोमवारीच कोणाची मयत झाली तर? त्यावर मावशी, ज्या बैठकीला फक्त चहा द्यायला म्हणून आल्या होत्या, किटली हातात धरूनच म्हणाल्या की मयत झाली तर बोलवा ना, वाढदिवसाच्या केकवर प्रार्थना करायला बोलवू नका. काकांनी तो मुद्दा इतिवृत्तात घ्यायला नकार दिला. तीन बैठका झाल्या, अजून चर्चा तिथेच अडली आहे.